जागरणाच्या घरातला बार्टली

बार्टली फाहर्टी दिवसातून चार वेळा मरायचा. अकराला, एकला, तीनला आणि साडेचारला. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस, आणि हे सलग आठ वर्षं. एवढं मरण पचवलेला माणूस आयर्लंडच्या त्या साऱ्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

गावाबाहेर तळ्याच्या काठाला 'जुनं गाव' म्हणून एक पाहण्याची जागा केली होती. कुठकुठली पडकी घरं, दगडांवर आकडे घालून आणलेली आणि तशीच्या तशी पुन्हा उभी केलेली. वर गवताची छपरं. एका घरात माग चाले, एकात लोहाराची भट्टी पेटलेली असे, एकात टोपल्या विणणारा म्हातारा बसे. बसमधून उतरलेली मंडळी लोकर चाचपून, नाल हातात धरून फोटो काढून घेत, दुकानातून काठ्या आणि मफलर विकत घेत आणि शेवटी पाचव्या घरात येत. ते जागरणाचं घर. माणूस गेला की पुरेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही, रात्र त्याच्या उशाशी बसून जागवायची, ही जुनी रीत तिथं दाखवत. चुलीशेजारच्या खाटेवर बार्टली मरून पडलेला असे. अंगावर उदी रंगाची लांब कफनी, बोटांत गुंडाळलेली जपमाळ, उशाशी दोन मेणबत्त्या, भिंतीवरचं घड्याळ थांबवलेलं, आरशावर चादर. शेजारी तपकिरीची बशी. येणाऱ्यानं चिमूटभर घ्यायची, मेलेल्यासाठी दोन शब्द पुटपुटायचे आणि बाकावर बसायचं. मग खाटेच्या डोक्याशी सबीना फोलन उभी राही, शाल डोक्यावरून पुढं ओढी, आणि हेल काढून रडायला लागे.

सबीनाचं रडणं म्हणजे नुसतं रडणं नव्हे. तिची आजी बेटावरची; मेलेल्या माणसाच्या घरी विलाप करायला तिला होडी पाठवून नेत असत. पाद्र्यांनी ती रीत मोडून काढली, तरी नातीच्या कानात ते सूर राहिले. आधी ती जुन्या आयरिश भाषेत मेलेल्याला नावानं हाक मारी, मग त्याचं कुळ सांगे, मग त्याचे गुण आणि त्याच्यावर झालेले अन्याय, आणि मग शब्द संपून नुसता आवाज उरे. त्या आवाजावर दारातली कुत्रीसुद्धा उठून जात. ज्याच्यासाठी ती रडायची तो 'शेमस रुआ', लाल केसांचा शेमस, मुळात कुणी नव्हताच. व्यवस्थापक फिन्टननं कागदावर तयार केलेला माणूस होता तो. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून स्वयंपाकघराच्या दारामागं टांगला होता.

बार्टलीचं काम वरवर सोपं. पण न हलता वीस मिनिटं पडून राहणं हे गमतीचं नाही. रंगमंचावर प्रेत झालेल्या कुणालाही विचारा. श्वास पोटानं घेतला तर कफनी हलते. तो बरगड्यांच्या मागच्या बाजूनं, खाटेत दाबून घ्यायला लागतो. माशी नाकावर बसली तर ती त्या माशीची मर्जी. एकदा एका पोरानं त्याच्या तळपायाला गवताची काडी लावली. एकदा बोस्टनच्या एका बाईनं ढसाढसा रडत त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि लिपस्टिक तशीच राहिली. पुढच्या प्रयोगाला शेमस रुआ लाल ओठांची खूण घेऊन मेला. बार्टली कधी हलला नाही. "काय सुंदर मेलाय हो!" असं कुणी म्हातारी म्हणाली की त्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटे.

पण त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, मे महिन्यापासून त्याला खोकला लागला.

"बार्टली," फिन्टन वही घेऊन आला, "कालच्या डच लोकांनी अभिप्राय लिहिलाय. प्रेत खोकत होतं म्हणे."

"साहेब, अर्धवट मेलं असेल. साडेचारच्या खेळाला पुरतं मारतो."

"चेष्टा नाही. डॉक्टरला दाखवा."

त्यानं दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाल्या, "कुठं काम केलंत आयुष्यभर?"

"इंग्लंडात. जमिनीखाली."

"पुढच्या मोसमाचं काही ठरवू नका."

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बासष्ट वर्षांचा एकटा माणूस, सरकारी घरातली एक खोली, चहाची किटली, रेडिओ. सांगायला होतं तरी कोण? तो त्या गावचाही नव्हता. त्याचं घर चाळीस मैल दक्षिणेला. ते भावानं कधीच विकून टाकलं होतं. इंग्लंडातून परत आल्यावर तो याच किनाऱ्याला का येऊन राहिला, असं लोक विचारत, तेव्हा तो म्हणे, "इथला पाऊस जरा आडवा पडतो, तो मला आवडतो." आणि पाच मैलांवरच्या एका वाडीचं नाव निघालं की उठून बाहेर जाई.

त्या वाडीचं नाव कॅरिगबेग. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी कॅरिगबेगच्या चर्चनं आपल्या म्हाताऱ्या मंडळींची सहल काढली, आणि त्यांची बस 'जुन्या गावा'त आली.

बार्टली डोळे मिटून पडलेला. माणसं त्याला दिसत नसत, ती तो पावलांच्या आवाजावरून ओळखी. परदेशी माणसं मऊ बुटांनी आत येतात आणि दाराशी घुटमळतात. ही मंडळी घुटमळली नाहीत. सरळ खाटेशी आली, तपकीर घेतली, प्रार्थना म्हटली. खरी. ओल्या लोकरीचा आणि पेपरमिंटचा वास आला. सबीनाचा विलाप झाला, बाकीची मंडळी चहाकडं वळली, आणि दोन म्हाताऱ्या त्याच्या डोक्याशी रेंगाळल्या.

"माझ्या आईला असं कुणी रडलं नाही बघ," एक म्हणाली. कोरडा, सरळ आवाज.

"लेक होता ना तुझ्या आईला, डेलिया? इंग्लंडात?"

"होता. फेस्टी. गेला तेव्हा वीस वर्षांचा. पहिली चार वर्षं पत्रं आली, मग नाताळचं कार्ड तेवढं. 'प्रिय आई, मी बरा आहे, तू काळजी घे.' बस. आई गेली तेव्हा मी त्याच्या जुन्या पत्त्यावर तार केली, पत्र टाकलं. पुरायला आला नाही. आणि त्या डिसेंबरात काय आलं असेल?"

"काय?"

"कार्ड. 'प्रिय आई, मी बरा आहे.' तिला मातीत घालून सहा महिने झालेले. आणि मग दर वर्षी तेच, अकरा वर्षं. मेलेल्या बाईला! चेष्टा करत होता का तो आमची? चल, चहा निवेल. ह्या बिचाऱ्या मेलेल्यापुढं त्या मेल्याचं नाव तरी कशाला."

तिची पावलं दूर गेली. घर रिकामं झालं. सबीनानं मेणबत्त्या विझवल्या आणि नेहमीप्रमाणे खाटेच्या पायावर लाथ मारली.

"ऊठ रे, पुनरुत्थानाची वेळ झाली."

बार्टली उठला नाही. सबीनानं वाकून पाहिलं तेव्हा मिटलेल्या डोळ्यांतून दोन्हीकडं, कानांपर्यंत पाणी गेलेलं होतं.

मागच्या स्वयंपाकघरात तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला, काळ्या पावाचा तुकडा ठेवला. "आता बोल. कुणी मुका घेतला की काय पुन्हा?"

"सबीना, तो फेस्टी मॅनियन मेलाय."

"कोण फेस्टी?"

"त्या बाईचा भाऊ. अठ्ठावन्न सालीच मेलाय."

मग त्यानं सांगितलं. कधी कुणाला न सांगितलेलं असल्यामुळं ते सरळ आलं नाही. तो मधूनच सुरू करी, मागं जाई, खोकत राही.

लूटन शहराबाहेर पाण्याच्या नळासाठी चर खणत होते. वीस-बावीस पोरं, सगळी आयर्लंडची. रोखीचं काम, खऱ्या नावानं कुणी लागत नसे, कारण खरं नाव दिलं की कर कापला जाई. मुकादम आमच्याच देशातला, मेयो परगण्याचा. त्याच्या वहीत सातजण पॅट मर्फी होते आणि चारजण जॉन मर्फी. बार्टली पॅट. फेस्टी जॉन. दोघं एका खोलीत, एका पलंगावर, पाळीपाळीनं निजत. फेस्टीला लिहिता येत नसे म्हणून त्याची घरची पत्रं बार्टली लिही. "लिही, बार्टली, की इथं सूर्य दिसतो. आईला बरं वाटेल." दिसत नसे तरी तो लिही.

फेब्रुवारीत चर चौदा फूट खोल गेला. कडेला फळ्यांचा आधार हवा होता. मुकादम म्हणाला, फळ्या उद्या येतील. दुपारी कड सुटली. फेस्टी तळाशी होता. त्याला उकरून काढायला तास लागला. तोंडात माती गच्च भरलेली. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बार्टलीनं त्याला बादलीभर पाण्यानं धुतलं, केस विंचरले, हात छातीवर जुळवले.

"पोलीस यायच्या आधी मुकादमानं आम्हाला उभं केलं," बार्टली म्हणाला. "म्हणाला, हा जॉन मर्फी. कुठला, कोणाचा, तुम्हाला ठाऊक नाही. कुणी खरं नाव काढलं तर माझ्या फळ्यांचं निघेल, आणि तुमच्या सगळ्यांच्या नावांचं निघेल. मग तुरुंग, आणि घरी धाडायला पैसा नाही. सगळे मान खाली घालून उभे. मीही."

"आणि पुरला?"

"जॉन मर्फी म्हणून."

"आणि घरी?"

"लिहिणार होतो. देवाशपथ, सबीना. कागद काढून बसलो. 'प्रिय मिसेस मॅनियन' लिहिलं. पुढं हात चालेना. मग नाताळ आला. म्हटलं, म्हातारी वाट बघत असेल, एवढा सण जाऊ दे. तर कार्ड लिहिलं. त्याच्याच नावानं. अक्षर माझंच होतं ना पहिल्यापासून, कुणाला शंका यायचं कारण नाही. एकदा लिहिल्यावर दुसऱ्या वर्षी कसं सांगणार? तिसऱ्या?"

"किती वर्षं?"

"पंचवीस. इकडं परत आलो तेव्हा थांबलो. इथला शिक्का पडला असता पाकिटावर." त्यानं कप दूर सारला. "म्हातारी मधेच गेली, हे मला आज कळलं. ती खोली मी कधीच सोडली होती, तार कुठली पोचणार. खाटेवर पडल्यापडल्या."

सबीनानं त्याच्या पुढचा पावाचा तुकडा उचलून परत फडक्यात बांधला, जणू तो त्याला द्यायचा नव्हताच.

"मोठा दयाळू रे तू, बार्टली," ती म्हणाली. "असली दया सैतानालाही सुचली नसती."

"त्याच्यासाठी रडशील का तू?"

"काय?"

"त्याला कुणी रडलं नाही, सबीना. नावानं हाकसुद्धा मारली नाही. पाद्रीही 'जॉन' म्हणाला. तू इथं एका खोट्या माणसासाठी दिवसातून चारदा घसा फोडतेस. एकदा फेस्टीसाठी रड. मी पुढल्या वर्षी नसेन."

तेव्हा त्यानं डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. सबीनानं नजर खिडकीकडं वळवली. तिच्या आजीनं तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: जिवंत माणसाच्या खऱ्या नावानं कधी विलाप करायचा नाही, ते मरणाला बोलावणं असतं, आणि घरच्यांना ठाऊक नसताना मेलेल्यासाठी रडायचं नाही, ती चोरी असते.

"रडेन," ती शेवटी म्हणाली. "मेलाय तो, धुतलायस तू, निजवलायस तू. माझा घसा मोकळा आहे. पण आधी त्या बहिणीला सांगायचं. तू. तुझ्या तोंडानं. ते झाल्याशिवाय माझ्या तोंडून त्याचं नाव निघणार नाही."

"सांगतो."

सप्टेंबरातल्या एका सोमवारी बार्टली सायकलनं कॅरिगबेगला गेला. निळं दार, अंगणात कोंबड्या, वाळत घातलेला एप्रन. तो फाटकाशी उभा राहिला. आतून रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. बातम्या संपल्या की जायचं, त्यानं ठरवलं. बातम्या संपल्या, हवामान सुरू झालं. तो परत आला. पुढच्या सोमवारी पुन्हा गेला. या खेपेला कडी उचलली, कुत्रं भुंकलं, त्यानं कडी पुन्हा घातली.

"सांगितलंस?" सबीनानं ऑक्टोबरात तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

"धीराची बाई," सबीना म्हणाली, आणि तिनं विश्वास ठेवला. माणूस मरणाच्या दारात खोटं बोलत नाही अशी तिची समजूत होती. आता मॅनियनांचं कुळ काय, घर कसं, बाप कोण, ते ती त्याला विचारून घेऊ लागली. बापाचं नाव त्याला ठाऊक होतं, होडीचंही ठाऊक होतं. आईचं नाव मात्र येत नव्हतं. पंचवीस वर्षं त्यानं तिला 'प्रिय आई' लिहिलं होतं.

मोसमाचा शेवटचा प्रयोग एकतीस ऑक्टोबरला. बार्टलीनं त्याचं एक फुकट तिकीट डेलियाला पाठवलं. आपलं अक्षर ती ओळखील म्हणून पाकिटावरचा पत्ता दुकानातल्या मुलीकडून लिहून घेतला. त्याचा हिशेब असा होता, की सबीनाच्या तोंडून ते ऐकताना डेलियाला दुःख होईल, पण ते सुंदर शब्दांत होईल. आणि त्याला डोळे मिटून पडून राहता येईल.

त्या दिवशी अकरा जर्मन होते, अमेरिकेचं एक जोडपं होतं, आणि चुलीजवळच्या स्टुलावर रविवारच्या कोटातली डेलिया मॅनियन. फिन्टन दाराशी उभा होता. शेवटचा खेळ म्हणून त्यानं टाय लावला होता. सबीनानं डेलियाला पाहिलं, किंचित मान झुकवली. डेलियानंही झुकवली, बाईची ओळख नाही तरी रीत म्हणून.

सबीनानं शाल पुढं ओढली आणि प्लॅस्टिकमधला कागद सोडून दिला.

"फेस्टी रे फेस्टी,
मॅनियनांच्या होडीची तू डोलकाठी,
चोविसाव्या वर्षी मोडलास.
पॅट्रिकच्या लेका, कोलमनच्या नातवा,
समुद्राला तू सोडून गेलास
आणि परक्या मातीनं तुला उभ्याउभ्या गिळलं.
दुसऱ्याचं नाव पांघरून निजलास,
छत्तीस हिवाळे त्या नावाखाली कुडकुडलास—"

स्टूल फरशीवर करकरलं.

"कोणता फेस्टी?"

सबीनाचा आवाज तुटला. जर्मनांनी माना वळवल्या.

"कोणता फेस्टी म्हणालात बाई तुम्ही?" डेलिया उभी राहिली होती. "पॅट्रिकचा लेक? कॅरिगबेगचा?"

सबीना तिच्याकडं बघत राहिली. मग सावकाश खाटेकडं वळली. "बार्टली," ती म्हणाली, "तू सांगितलं नव्हतंस?"

आठ वर्षांत प्रेतानं पहिल्यांदा प्रयोग चालू असताना डोळे उघडले. अमेरिकन बाई किंचाळली.

"बार्टली?" डेलिया दोन पावलं पुढं आली. "पत्रं लिहिणारा? 'हे बार्टली लिहितोय, मला कुठं येतंय' असं असायचं पत्रात. तो?"

"हो."

"माझा भाऊ मेलाय?"

"हो."

"कधी?"

"अठ्ठावन्न साली. सोळा फेब्रुवारीला."

ती मनातल्या मनात काही मोजत होती. ओठ हलत होते. "म्हणजे कार्डं..."

"मी."

"सगळी?"

"सगळी. तिला बरं वाटावं म्हणून..."

"गप्प." ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला, आणि बाकावरची माणसं पुढं झुकली. "आई शेवटच्या दिवशी त्याचं नाव घेत होती. फेस्टी आला का, फेस्टी आला का. मी तिला काय म्हटलं, ठाऊक आहे? मी म्हटलं, त्याला तुझी काही पडलेली नाही, आई. झोप आता. ती झोपली. ते माझं तिच्याशी शेवटचं बोलणं." तिनं श्वास घेतला. "मी त्याला रोज शिव्या दिल्या. रोज. तो मातीत, आणि मी त्याला शिव्या देत होते. आणि तू पाच मैलांवर पडून लोकांना मेल्याची नक्कल करून दाखवत होतास."

बार्टलीला खोकला आला. तो उठून बसायला धडपडला; जपमाळ बोटांत अडकली होती.

"ऊठ," डेलिया म्हणाली.

"हां?"

"ऊठ तिथून. ती जागा तुझी नाही."

तो उठला. कफनी पाठीमागं उघडी होती, नाड्यांची. तिच्याखालची जुनी पँट, घोट्याशी भोक पडलेले मोजे सगळ्यांना दिसले. भिंतीला धरून तो उभा राहिला. आणि जर्मन मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. एकाला तर डोळे पुसावे लागले. दाराशी उभ्या फिन्टननं हलकेच बार्टलीच्या कानाशी येऊन म्हटलं, "कागदावर नव्हतं हे. पण काय परिणाम झालाय बघा!"

बार्टलीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

डेलिया खाटेशी गेली. तिनं चादर ओढून सरळ केली, काठ गादीखाली खोचले. उशीला बार्टलीच्या डोक्याचा खळगा पडला होता. तो तिनं हातानं थापटून थापटून मोडला. मग स्टूल ओढून ती रिकाम्या खाटेच्या डोक्याशी बसली, घरची माणसं बसतात तिथं.

"आईचं नाव कॅटरीन," ती सबीनाला म्हणाली. "कॅटरीन मॅनियन. ते तुम्ही घातलं नाहीत."

"मला कुणी सांगितलं नव्हतं, बाई."

"आता सांगितलं. पुन्हा सुरू करा. पहिल्यापासून."

सबीनानं पुन्हा हाक मारली. या खेपेला तिनं आवाज चढवला नाही, उतरवला. कॅटरीनच्या लेका, ती म्हणाली, डेलियाच्या भावा. बाकावरच्या लोकांना शब्द कळत नव्हते, पण आता कुणी टाळी वाजवली नाही. डेलिया रडली नाही. ती खाटेच्या मोकळ्या चादरीवर एक हात ठेवून बसली होती, आणि तो हात विलाप संपेपर्यंत तिनं उचलला नाही. बार्टली भिंतीशी उभा होता, तेरा परक्या माणसांच्या मागं. त्याला खोकला येत होता. तो कफनीची बाही तोंडात कोंबून धरत होता. त्यालाही तिथं रडायचा हक्क आहे की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

अंगणात वारा सुटला होता. लोक बसकडं निघाले. बार्टली तसाच कफनीत, दाराबाहेर. डेलिया त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. ती कोटाची बटणं लावत होती आणि बटणांकडंच बघत होती.

"कुठं पुरलाय?"

त्यानं कब्रस्तानाचं नाव सांगितलं.

"पाटी आहे?"

"लाकडाची होती. त्या नावाची. मी दर वर्षी खिळे ठोकायचो. अकरा वर्षं गेलो नाही, आता नसेल."

"मग जागा कशी सापडेल?"

"मला सापडेल."

"दुसऱ्या कुणाला?"

"नाही. मुकादम मेला. बाकीच्यांचा पत्ता नाही."

डेलियानं शेवटचं बटण लावलं. "तुझा खोकला चांगला नाही. किती दिवस म्हणतात?"

"वसंत दिसला तर दिसला."

"मग याच पंधरवड्यात जायचं." आता तिनं वर बघितलं. "मी तुझ्याशी बोलणार नाही. बोटीवर नाही, गाडीत नाही. तू वाट दाखवायची. तेवढंच तुझं काम. जागा दाखवलीस की बाहेर जाऊन थांबायचं."

"बरं."

ती बसकडं गेली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. बोटीवर ती एका टोकाला बसली, तो दुसऱ्या. आगगाडीत तिनं पिशवीतून सँडविच काढून खाल्लं. दुसरं एक होतं, ते तिनं बराच वेळ हातात धरलं आणि परत पिशवीत ठेवलं. लूटनच्या त्या कब्रस्तानात गरिबांचा कोपरा आता झुडपांनी भरला होता. बार्टलीला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. तो कुंपणापासून पावलं मोजत आला, चुकला, परत गेला, पुन्हा मोजत आला. दर दहा पावलांना गुडघ्यांवर हात ठेवून खोकत थांबत होता. डेलिया वाटेवर उभी राहून बघत होती. शेवटी तो एका जागी गुडघ्यांवर बसला आणि नखांनी गवत उपटू लागला. गवताखाली गंजलेल्या खिळ्यांची एक मूठ निघाली. पाटी नव्हती.

त्यानं खिळे तिथंच ठेवले, उठला, टोपी काढली. तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. तो वळला.

फाटकापर्यंत तो मागं न बघता चालत गेला. पाऊस बारीक लागला होता. मागून तिचा आवाज येत होता, गाणं नव्हे, रडणंही नव्हे. ती भावाला घरचं सगळं सांगत होती: कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, होडी कुणाला विकली. छत्तीस वर्षांचं सांगायचं होतं, लवकर संपणारं नव्हतं. फाटकाशी एक बाकडं होतं. बार्टली त्यावर बसला नाही.